अभिजात व्हिडिओ-खेळांची फेरतपासणी

कोणत्याही कलाप्रकाराला काही काळ लोटला की त्यातील अभिजात कृतींची एक यादी तयार होते. एका पिढीने ती यादी पुढील पिढीच्या हाती दिली की तिच्यातील नावे सहसा कोणी पारखून पाहत नाही. साहित्य, संगीत आणि चित्रपट या क्षेत्रांत समीक्षेची परंपरा रुजलेली असल्यामुळे अशा याद्यांची अधूनमधून झाडाझडती होते. व्हिडिओ-खेळांच्या व्यवसायाला मात्र जेमतेम अर्धशतक झाले आहे, आणि त्या क्षेत्रात बालपणीच्या आठवणींनीच समीक्षेचे काम बहुतांशी केले आहे. ज्याने दहाव्या वर्षी जो खेळ मनसोक्त खेळला, त्याला तो जन्मभर श्रेष्ठ वाटतो. अशा अनेकांच्या आठवणी एकत्र आल्या म्हणजे त्यांनाच लोकमताचे स्वरूप प्राप्त होते.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु कोणते जुने खेळ टिकून राहणार आणि कोणते नष्ट होणार, हे पुष्कळ अंशी त्यांच्या कीर्तीवर ठरते. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर विकत मिळत नव्हते. ज्यांचे नाव मोठे, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात. बाकीचे काळाच्या उदरात गडप होतात. यास्तव ही कीर्ती खरी आहे की नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

कीर्तीचे तीन अर्थ

एखादा खेळ थोर आहे असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः तीन निरनिराळी विधाने एका दमात करीत असतो. पहिले विधान अग्रक्रमाचे : हा खेळ सर्वांआधी झाला. दुसरे प्रभावाचे : याच्यापासून पुढचे अनेक खेळ घडले. तिसरे प्रत्यक्ष गुणाचे : आजही हा खेळ खेळण्यात रस वाटतो. पहिली दोन विधाने इतिहासाची आहेत आणि ती कागदपत्रांच्या आधारे सिद्ध करता येतात. तिसऱ्याचा निवाडा मात्र खेळ प्रत्यक्ष हाती घेतल्यावाचून होत नाही. या तीन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे वाद माजतात.

आपल्या परंपरेतील एक उदाहरण घेतल्यास हे सहज ध्यानात येईल. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचे जनकत्व महाराष्ट्रात संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. या पटावर शिड्या म्हणजे सद्‌गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचे घर म्हणजे मुक्ती. त्याची सांस्कृतिक थोरवी निर्विवाद आहे. पण निव्वळ खेळ म्हणून पाहिले तर खेळणाऱ्याला त्यात एकही निर्णय घ्यावा लागत नाही. दान पडेल तिकडे सोंगटी सरकते. याउलट सारीपाटात कोणती सोंगटी पुढे न्यावी हा विचार पदोपदी करावा लागतो. मोक्षपटाची कीर्ती त्याच्या अर्थामुळे आहे आणि सारीपाटाची त्याच्या डावपेचांमुळे. दोन्ही कीर्ती खऱ्या आहेत, परंतु त्या एका जातीच्या नव्हेत.

पहिलेपणाचा मान

‘पाँग’ हा अटारी या अमेरिकन कंपनीचा खेळ १९७२ मध्ये आला. पडद्यावर दोन उभ्या रेघा, मध्ये एक जाळी आणि एक चौकोनी ठिपका, एवढाच त्याचा संसार. हा जगातील पहिला व्हिडिओ-खेळ होय, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. १९५८ मध्ये विल्यम हिगिनबोथम यांनी ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला होता. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘स्पेसवॉर’ तयार झाला. खुद्द १९७२ मध्येच, पाँगच्या आधी, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून उतरलेले मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे यंत्र विक्रीस आले होते आणि त्यात टेबल-टेनिसचा खेळ होता. मॅग्नाव्हॉक्सने अटारीविरुद्ध दावा लावला, आणि १९७६ मध्ये अटारीने परवाना घेऊन तडजोड केली.

अग्रक्रमाचा दावा अशा रीतीने गळून पडला तरी पाँगचे श्रेय संपत नाही. त्याचे रचनाकार ॲलन अल्कॉर्न यांनी ओडिसीच्या टेनिसात नसलेल्या काही गोष्टी साधल्या. चेंडू फळीच्या कोणत्या भागावर आदळतो यावर त्याचा परतीचा कोन ठरे. फटकेबाजी लांबली की चेंडूचा वेग वाढे. फळी पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नसे. हा मूळचा यांत्रिक दोष होता, पण त्यामुळे डाव अनंतकाळ लांबत नाही हे पाहून अल्कॉर्न यांनी तो तसाच राहू दिला. आजही दोघे जण समोरासमोर बसून पाँग खेळू लागले तर दहा मिनिटे मजेत जातात. मात्र एकट्याने तो खेळण्यासारखा नाही. पहिलेपणाचा मान त्याला चुकीने मिळाला. द्वंद्वाच्या नेटकेपणाचा मान मात्र त्याच्या हक्काचा आहे.

यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेला ताण

तोमोहिरो निशिकाडो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीने बाजारात आणला. पाच ओळींत प्रत्येकी अकरा, असे एकूण ५५ परग्रहवासी पावलापावलाने खाली उतरत येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना टिपायचे असते. शत्रूंची संख्या जसजशी घटते तसतशी उरलेल्यांची गती वाढत जाते. याचे कारण मोठे उद्‌बोधक आहे. त्या काळच्या प्रक्रियकाची शक्ती तोकडी असल्याने दर चौकटीत एकच आकृती नव्याने रेखाटली जाई. आकृत्या कमी उरल्या की प्रत्येकीची पाळी लवकर येई, आणि त्या आपोआप वेगाने सरकू लागत. निशिकाडो यांनी ही उणीव दुरुस्त करण्याऐवजी तिलाच खेळाचा प्राण बनविले. शेवटचा एकटा उरलेला शत्रू सर्वांत चपळ असतो. जिंकण्याच्या उंबरठ्यावर संकट सर्वांत मोठे व्हावे, ही नाट्यमय योजना आजही कालबाह्य झालेली नाही.

या खेळाबद्दलची एक दंतकथा मात्र सोडून द्यावयास हवी. त्याच्या वेडापायी जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, असे वर्षानुवर्षे छापले गेले. अभ्यासकांनी टांकसाळीचे आकडे पाहिले तेव्हा त्या वर्षांत नाणी नेहमीपेक्षा अधिक पाडली गेल्याचे आढळले नाही. यंत्रात पडलेली नाणी पुन्हा बँकेमार्गे बाजारात येतातच, एवढा विचार केला तरी ही कथा डळमळू लागते. कीर्तीला अशा कथांचा आधार लागतो खरा; परंतु हा खेळ त्या आधारावाचूनही उभा राहतो.

‘पॅक-मॅन’ (१९८०) या खेळाची परीक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी त्यातील चार भुतांना चार स्वभाव दिले. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत आपण जेथे पोहोचणार त्याच्या पुढच्या जागी धाव घेते. निळे भूत लाल भुताच्या आणि आपल्या स्थानाचा मेळ घालून चालते. नारिंगी भूत जवळ आले की माघार घेते. चौघांनी चार वाटांनी यावे म्हणजे आपोआपच कोंडी होते. नियम इतके थोडे आणि परिणाम इतका जिवंत, असा योग क्वचितच जुळतो.

तथापि या खेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच फेरीत आपण तीच चाल केली तर भुतेही तीच चाल करतात. त्यामुळे निष्णात खेळाडू वाटांचे आराखडे पाठ करून ठेवू लागले, आणि चकव्याच्या या खेळाचे हळूहळू पाठांतर झाले. २५६ व्या फेरीत फेऱ्यांची गणती आठ अंकस्थानांत न मावल्यामुळे अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो आणि खेळ तेथेच थांबतो. नवख्याला पॅक-मॅन उत्कंठावर्धक वाटतो, पारंगताला तो कवायतीसारखा भासतो. दोघांचेही मत खरे आहे.

सोव्हिएत प्रयोगशाळेतील सात तुकडे

‘टेट्रिस’च्या जन्मकथेत भिलाईच्या वाचकाला काही ओळखीच्या खुणा सापडतील. फेब्रुवारी १९५५ मधील भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि रिसालीसारख्या वसाहतींत देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांबरोबर मराठी भाषक कुटुंबेही स्थायिक झाली. मैत्रीबागेचे नाव आजही त्या संबंधांची साक्ष देते. ज्या राज्यव्यवस्थेने अवजड उद्योगांचे आराखडे पाठविले, तिच्याच विज्ञान अकादमीच्या मॉस्को येथील संगणक केंद्रात १९८४ मध्ये अलेक्सेई पाजित्नोव यांनी हा खेळ रचला. त्यांच्या ‘एलेक्त्रोनिका ६०’ या संगणकावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी तुकड्यांचे चौकोन कंसाच्या चिन्हांनी दर्शविले. खेळावर व्यक्तीचा मालकीहक्क नव्हता. परदेशी व्यवहार ‘एलोर्ग’ ही सरकारी संस्था पाहत असे, आणि पाजित्नोव यांना त्याचे मानधन मिळू लागण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

चार चौकोन एकमेकांना जोडून जितके आकार होतात ते सातच. ते वरून एकेक पडतात. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. या खेळात कथा नाही, पात्र नाही, जिंकणेही नाही. तरी त्याची खोली विलक्षण आहे. केवळ दोन्ही वाकडे तुकडे आलटून पालटून येत राहिले तर कितीही कौशल्य असले तरी डाव अखेरीस हरतोच, हे गणितज्ञांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले. पुढे येणारे सर्व तुकडे आधी ठाऊक असले तरीही सर्वोत्तम मांडणी शोधणे हे संगणकशास्त्रातील अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडते, असे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले. निन्टेन्डोच्या जुन्या आवृत्तीत २९ व्या पातळीनंतर मानवी बोटे पुरी पडणार नाहीत अशी समजूत होती. खेळाडूंनी कळ दाबण्याच्या नव्या रीती शोधल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली. तेथे यंत्रच गोठून थांबले. जो खेळ जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही माणसाकडून नवे कौशल्य काढून घेतो, त्याची कीर्ती फुगवलेली आहे असे कोण म्हणेल? आपण वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांवर निःशंकपणे उतरणाऱ्या मोजक्या खेळांत टेट्रिसची गणना करावी लागेल.

भारतात कीर्ती कशी पोहोचली

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळाची कीर्ती भारतात अशा वाटेने आली की तिच्यामागे ना जाहिरात होती, ना समीक्षा. १९९० च्या दशकात निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला आपल्या शहरांत मिळू लागल्या. त्यांत घालावयाच्या खेळपेटीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटमध्ये शेकडो, क्वचित हजारो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ फिरून फिरून निराळ्या नावांनी येत. त्या गर्दीतून मुलांनी मारिओ, ‘काँट्रा’ यांसारखे खेळ स्वतः निवडून काढले. ही निवड कोणाच्या सांगण्यावरून झाली नाही, म्हणून पुरावा या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

मारिओची पहिली पातळी लक्षपूर्वक पाहिली असता या निवडीचे कारण कळते. नायक पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कोणीकडे जायचे हे सांगावे लागत नाही. पहिला शत्रू हळू चालत येतो, त्यावरून उडी मारणे भाग पडते. उडी मारताना डोके प्रश्नचिन्हाच्या विटेला लागले तर नाणे मिळते. अशा रीतीने एकही अक्षर न वाचता खेळाचा सगळा व्याकरणपाठ मिनिटभरात शिकवून होतो. इंग्रजी वा जपानी न जाणणाऱ्या मुलालाही तो खेळता आला, याचे रहस्य हेच. संपूर्ण खेळ ४० किलोबाइट जागेत मावत असे. ढग आणि झुडूप यांसाठी एकच आकृती वापरून केवळ रंग बदललेला आहे, यावरून रचनाकारांची काटकसर दिसून येते.

याच दशकात घरोघरी आणि कार्यालयांत येऊ लागलेल्या संगणकांवर जॉर्डन मेक्‌नर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) पुष्कळांनी खेळला. मेक्‌नर यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उड्यांचे चित्रीकरण करून त्यावरून हालचाली रेखाटल्या होत्या. तिची किंमतही खेळणाऱ्याला मोजावी लागते : राजपुत्र पाऊल पुरे टाकल्यावाचून थांबत नाही, म्हणून आजच्या चपळ खेळांना सरावलेल्या हाताला तो जड वाटतो. परंतु साठ मिनिटांची मुदत आणि प्रत्येक उडीमागची धास्ती यांच्याशी हा जडपणा सुसंगत आहे. येथे दोष आणि गुण एकाच मुळातून फुटले आहेत.

दुरुस्तीने दिलेली कबुली

समीक्षकांच्या गुणांकनात सर्वोच्च ठरलेला खेळ म्हणून ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) याचा उल्लेख होतो. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ने त्याला शंभरपैकी ९९ गुण दिले आहेत. त्रिमितीय अवकाशात एका शत्रूवर नजर खिळवून ठेवण्याची जी युक्ती या खेळाने रूढ केली, ती पुढे असंख्य खेळांनी उचलली. प्रभावाची कसोटी येथे पूर्णपणे उतरते.

पण त्यातील जलमंदिराच्या भागात लोखंडी बूट घालण्या-काढण्यासाठी दर खेपेस खेळ थांबवून यादी उघडावी लागे. खेळाडू त्याला कंटाळले. त्या मंदिरांचे रचनाकार एजी आओनुमा यांनी पुढे याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि २०११ च्या सुधारित आवृत्तीत बूट एका कळीने बदलण्याची सोय झाली. शंभरपैकी ९९ गुण मिळविणाऱ्या कृतीत तिच्या कर्त्यांनाच असा ठळक दोष दिसला, यातून बोध घ्यावा तो हा की गुणांकन त्या क्षणीच्या विस्मयाचे असते. विस्मय ओसरल्यावर जे उरते ते निराळे मोजावे लागते.

अपकीर्तीचीही तपासणी

कीर्तीइतकीच अपकीर्तीही तपासण्याजोगी असते. चित्रपटावर आधारित ‘ई. टी.’ (१९८२) हा अटारीचा खेळ जगातील सर्वांत वाईट खेळ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील १९८३ च्या मंदीचे खापरही त्याच्याच माथी फोडले जाते. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो तयार करण्यास अवघे पाच आठवडे मिळाले होते. न विकलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो येथे पुरल्या गेल्या, आणि एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले. त्या खड्ड्यातून केवळ ई. टी. नव्हे, तर त्या कंपनीचे इतरही अनेक खेळ निघाले. त्यांत काही चांगले खपलेलेही होते. एकच खेळ गाडला गेला नव्हता. एका कंपनीचे वाजवीपेक्षा फुगलेले उत्पादन गाडले गेले होते. खेळणारा वारंवार खड्ड्यात पडतो, हा या खेळातील दोष खराच. पण आधीची पटलफोड, म्हणजे पॅक-मॅनची अटारीने घाईने काढलेली घरगुती आवृत्ती, सत्तर लाखांहून अधिक खपूनही ग्राहकांचा विश्वास घालवून बसली होती, हे विसरता कामा नये. मंदीची कारणे व्यापक होती; दोष मात्र एकाच्या पदरी पडला.

तपासणीची साधने आणि ग्रंथालयांचे कर्तव्य

जुन्या खेळाचा न्याय करताना तो ज्या साधनावर चालत असे त्याचा विचार टाळता येत नाही. त्या काळची चित्रे काचनळीच्या दूरदर्शन संचासाठी काढलेली होती. त्या पडद्यावर ठिपके एकमेकांत मिसळून आकृती मऊ दिसे. आजच्या सपाट पडद्यावर तीच आकृती ओबडधोबड चौकोनांची वाटते. युरोपातील पाल पद्धतीच्या संचांवर सेकंदास ६० ऐवजी ५० चित्रे उमटत असल्यामुळे अनेक खेळ एक-षष्ठांशाने सावकाश चालत. म्हणजे दोन देशांतील समवयस्क माणसांनी एकाच नावाचा खेळ निरनिराळ्या वेगाने खेळलेला असतो. मूळ यंत्राचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावल्यांमुळे अभ्यास सुकर झाला आहे. पण कळ दाबल्यावर होणारा सूक्ष्म विलंबही चपळाईच्या खेळाचे रूप बदलू शकतो.

अभ्यासासाठी मूळ वस्तू उपलब्ध असणे ही पहिली अट होय, आणि येथेच ग्रंथालयांचा संबंध येतो. भारतात १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशित ग्रंथांच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर नियुक्त ग्रंथालये यांना द्याव्या लागतात. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांची भर पडली. १९५७ चा प्रताधिकार कायदा संगणक-आज्ञावलीला साहित्यकृती मानून संरक्षण देतो. परंतु ती जतन करण्याची तरतूद ग्रंथप्रदान कायद्यात नाही. हक्कासाठी साहित्य आणि जतनासाठी काहीच नाही, अशी ही विसंगती आहे. अमेरिकेतही बाजारातून गेलेले खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देण्याची ग्रंथालयांची विनंती ऑक्टोबर २०२४ मध्ये नामंजूर झाली.

सारांश, प्रसिद्ध जुन्या खेळांची कीर्ती सरसकट खोटी नाही आणि सरसकट खरीही नाही. टेट्रिस सर्व कसोट्यांवर उतरतो, मारिओ शिकविण्याच्या कौशल्यात आजही आदर्श आहे, पॅक-मॅन पहिल्या शंभर डावांपुरता अद्‌भुत आहे, पाँगचे मोठेपण लोक मानतात त्याहून निराळ्या ठिकाणी आहे, आणि ई. टी. त्याच्या बदनामीइतका वाईट नाही. हे निर्णय वाचकाने मान्य करावेत असा आग्रह नाही. त्याने ते स्वतः खेळून पडताळावेत, हेच अधिक इष्ट. मात्र पडताळण्यासाठी खेळ शिल्लक उरला पाहिजे. ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत असे खेळही कपाटात जपून ठेवले, तरच पुढील पिढीला आपल्या यादीतील चुका दुरुस्त करता येतील.